अधिकार वाटले, पण कर्ज कोणाच्या नावावर?

प्रश्न असा आहे: सरकारी सत्ता आणि पैसा राजधानीतून प्रांतांकडे, जिल्ह्यांकडे, शहरांकडे गेला, तर देशाची अर्थव्यवस्था सावरते की डळमळते? माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सरकारांचे अर्थसंकल्प आणि त्यांची कर्जं तपासण्यात गेली, त्यामुळे उत्तरही हिशेबाच्या बाजूनेच देतो.

विकेंद्रीकरण किती झालंय, एवढ्यावरून स्थैर्याचा अंदाज बांधता येत नाही. स्वित्झर्लंडचे कँटन, म्हणजे तिथली राज्यं, आपापल्या आयकराचे दर स्वतः ठरवतात, आणि तो देश स्थैर्यासाठीच ओळखला जातो. अर्जेंटिनाचे प्रांतही भरपूर खर्च करतात, आणि तो देश पुन्हा पुन्हा कर्ज बुडवत आला आहे. दोन्हीकडे राजधानीबाहेरची सरकारं बलवान आहेत. फरक पडतो तो दोन बाबतींत. खर्च करणारं सरकार त्यासाठीचा कर आपल्याच मतदारांकडून घेतं का? आणि ते बुडालं तर वरचं सरकार धावून येईल, अशी त्याला आणि त्याला कर्ज देणाऱ्यांना मनातून खात्री आहे का? बाकीचं बरंचसं या दोनांतून निघतं.

एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. ‘विकेंद्रीकरण’ म्हणताना खर्चाचे अधिकार, कराचे अधिकार आणि कर्जाचे अधिकार एकाच गाठोड्यात बांधले जातात. प्रत्यक्षात हे अधिकार वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रमाणात खाली जातात. राजकारण्यांना खर्चाचा अधिकार द्यायला सोपा वाटतो, कराचा द्यायला नको वाटतो, आणि कर्जाचा तर अनेकदा कोणी न देताच घेतला जातो. देशादेशांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत ‘एकूण सरकारी खर्चात खालच्या सरकारांचा वाटा’ हे माप सर्रास वापरतात. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. शिक्षकांचे पगार वरून ठरलेले, भरती वरून ठरलेली, पैसाही वरून आलेला, आणि धनादेशावर सही फक्त प्रांताची. असा प्रांतही या मापाने ‘विकेंद्रित’ ठरतो. या मापावर आधारलेले निष्कर्ष एकमेकांना छेद देतात याचं आश्चर्य वाटायला नको.

कोणत्याही परिस्थितीत वाटू नये असा अधिकार म्हणजे पैसा निर्माण करण्याचा. अर्थतज्ज्ञ रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी १९५९ मध्ये सरकारची कामं तीन गटांत मांडली: साधनांची विभागणी, उत्पन्नाचं फेरवाटप आणि अर्थव्यवस्थेचं स्थिरीकरण. पहिल्यातलं बरंच काही खाली देता येतं, तिसरं मात्र मुख्यतः वरच राहिलं पाहिजे, ही तेव्हाची मांडणी बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. ती झुगारली तर काय होतं, ते सोव्हिएत संघ फुटल्यावर दिसलं. नोटा छापण्याचं यंत्र रशियाकडे होतं, पण पंधराही प्रजासत्ताकांच्या मध्यवर्ती बँका रुबलमध्ये कर्ज वाटू शकत होत्या. जो जास्त कर्ज वाटेल त्याला फायदा, आणि महागाई मात्र सगळ्यांत वाटून. १९९२ मध्ये रशियातली महागाई सुमारे २,५०० टक्क्यांवर गेली. त्याला इतरही कारणं होती, दरनियंत्रण एकदम उठवणं हे त्यातलं मोठं. पण या व्यवस्थेने आगीत तेल ओतलं. जुलै १९९३ मध्ये रशियाने जुन्या नोटा बाद केल्या आणि हा सामायिक खेळ संपत आला.

आता अर्जेंटिना. तिथे प्रांतांचा खर्च मोठा आणि स्वतःची करवसुली त्या मानाने तोकडी. मुख्य कर केंद्र गोळा करतं आणि १९८८ च्या कायद्यातल्या टक्केवारीनुसार प्रांतांना वाटतं. हे वाटप नव्याने ठरवणारा कायदा १९९६ संपण्याआधी करावा, असं १९९४ च्या सुधारित राज्यघटनेनेच सांगितलं होतं. तो अजून झालेला नाही. कारण उघड आहे: ज्या प्रांताचा वाटा कमी होणार, तो संमती कशाला देईल?

अशा रचनेत प्रांताच्या गव्हर्नरचं गणित सरळ असतं. नवी नोकरभरती केली की श्रेय त्याचं. कर वाढवावा लागला तर शिव्या केंद्राला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. १९९० च्या दशकात प्रांतांनी केंद्राकडून येणारा हाच वाटा तारण ठेवून बँकांकडून कर्जं घेतली, म्हणजे पुढच्या वर्षांचं उत्पन्नही आधीच बांधून ठेवलं. त्याच वेळी १९९१ पासून पेसो डॉलरशी एकास एक दराने जोडलेला होता. केंद्राला नोटा छापून तूट भरून काढता येत नव्हती आणि चलनाचं अवमूल्यनही करता येत नव्हतं. सगळा भार अर्थसंकल्पावर, आणि अर्थसंकल्पाचा मोठा भाग केंद्राच्या हाताबाहेर.

मंदी आली तेव्हा केंद्राने प्रांतांशी करार करून वाट्याऐवजी ठराविक किमान मासिक रकमेची हमी दिली. कराराच्या वेळी उत्पन्न वाढेल असा अंदाज होता. ते घटलं, आणि हमी केंद्राच्या गळ्यात आली. २००१ च्या ऑगस्टमध्ये ब्युनॉस आयर्स प्रांताने पगार भागवायला ‘पाताकोन’ नावाचे रोखे काढले. कागद, आकार, हाताळणी सगळं नोटांसारखं. इतर प्रांतांनीही आपापले कागद काढले, केंद्राने प्रांतांसाठी ‘लेकोप’ काढले, आणि एका देशात अनेक अर्धी-मुर्धी चलनं फिरू लागली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला आणि देशाने कर्जफेड थांबवली. जानेवारी २००२ मध्ये डॉलरची सांगड तुटली. प्रांतांचे ते कागद पुढे २००३ मध्ये केंद्रानेच मागे घेतले. अर्जेंटिनाचं संकट प्रांतांमुळेच आलं असं मी म्हणणार नाही. ताठर विनिमय दर आणि परकी चलनातली कर्जं हीच मोठी कारणं. पण संकटात लागणारी लवचीकता या वाटपव्यवस्थेने आधीच खाऊन टाकली होती.

ब्राझीलची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते, कारण तिथे चूक सुधारण्याचा गंभीर प्रयत्न झाला. १९८८ च्या घटनेने राज्यांना आणि नगरपालिकांना भरपूर महसूल आणि स्वायत्तता दिली. राज्यांच्या मालकीच्या बँका होत्याच, आणि त्या आपल्या मालकालाच कर्ज देत. साओ पाउलो राज्याची बानेस्पा हे ठळक उदाहरण. राज्य अडचणीत आलं की बँक अडचणीत, बँक अडचणीत आली की मध्यवर्ती बँकेला सावरावं लागे. १९८९, १९९३ आणि १९९७ अशी तीन वेळा केंद्राने राज्यांची कर्जं आपल्या अंगावर घेतली. दर वेळी ‘हे शेवटचं’ असं सांगितलं गेलं.

इथे एक बारकावा सहज निसटतो. १९९४ मध्ये नवं चलन आणून ब्राझीलने महागाई मोडली, आणि त्यानेच राज्यांची पोलखोल झाली. महागाई चढी असताना पगार थोडे उशिरा दिले किंवा उशिरा वाढवले, की त्यांचं खरं मूल्य आपोआप झिजायचं. महागाई थांबली आणि पगाराचा व पेन्शनचा बोजा खराखुरा झाला. म्हणजे चलन स्थिर झाल्यामुळे राज्यांची तूट उघडी पडली. विकेंद्रित देशात महागाईविरोधी मोहीम आखणाऱ्यांनी हा भाग आधी तपासला पाहिजे; सहसा तो नंतर आठवतो.

१९९७ च्या तोडग्यात राज्यांची कर्जं तीस वर्षांसाठी नव्याने बांधून दिली, पण हप्ता चुकला तर राज्याला जाणारा केंद्रीय वाटा तिथल्या तिथे कापण्याचा अधिकार केंद्राने घेतला. जानेवारी १९९९ मध्ये मिनास जेराइसचे गव्हर्नर इतामार फ्रांको यांनी नव्वद दिवस हप्ते देणार नाही असं जाहीर केलं. हे गृहस्थ आधी देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, हे विशेष. एका राज्याच्या हप्त्यांची रक्कम देशाच्या मानाने किरकोळ. पण आशिया आणि रशियाच्या संकटांनंतर गुंतवणूकदार आधीच बिथरलेले होते. भांडवल बाहेर पडू लागलं आणि काही दिवसांतच ब्राझीलच्या चलनाचा, रियालचा, दर बाजारावर सोडावा लागला. केंद्राने मात्र या वेळी वाटा खरंच रोखला. पुढच्या वर्षी, २००० मध्ये, वित्तीय जबाबदारी कायदा आला: राज्यांचा कर्मचारी खर्च महसुलाच्या साठ टक्क्यांपर्यंत, आणि एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या कर्जाची नव्याने बांधणी करायला मनाई.

दहा-पंधरा वर्षं हा कायदा बऱ्यापैकी चालला. मग राज्यांना फटी सापडल्या. पेन्शन आणि कंत्राटी कर्मचारी साठ टक्क्यांच्या हिशेबात धरायचे की नाही, याचे सोयीचे अर्थ लावले गेले. तेलाच्या रॉयल्टीवर भिस्त ठेवणाऱ्या रिओ दि जानेरो राज्याने २०१६ मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, आर्थिक आपत्ती जाहीर केली. २०१७ मध्ये केंद्राला राज्यांसाठी पुन्हा सवलतीची योजना आणावी लागली. कायद्याने वेळ मिळतो, सवय बदलत नाही.

मग ‘आम्ही वाचवणार नाही’ हे वाक्य खरं कसं करायचं? माझ्या मते ते एकदा तरी करून दाखवावं लागतं. अमेरिकेत १७९० मध्ये केंद्राने राज्यांची युद्धकाळातली कर्जं उचलली होती. १८३० च्या दशकात राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी बेसुमार कर्जं काढली, आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा प्रदेशाने ती थकवली. केंद्राने या वेळी हात वर केले. त्याची किंमत केंद्रालाही मोजावी लागली. १८४२ मध्ये अमेरिकी सरकारलाच युरोपात कर्ज मिळेना. पण त्यानंतर अनेक राज्यांनी स्वतःहून आपापल्या घटनांमध्ये कर्जमर्यादा घातल्या. आज जवळपास सगळ्या राज्यांत अर्थसंकल्प समतोल ठेवण्याची कुठल्या ना कुठल्या स्वरूपातली अट आहे आणि तिचा उगम वॉशिंग्टनच्या हुकमात नाही.

स्वित्झर्लंडमध्ये हेच फार स्वस्तात झालं. लॉयकरबाड हे डोंगरातलं छोटं गाव, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. पर्यटनाच्या प्रकल्पांवर आवाक्याबाहेर खर्च करून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते कर्जात बुडालं. कर्ज देणाऱ्यांनी वाले कँटनकडे पैसे मागितले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गावाच्या कर्जाला कँटन जबाबदार नाही. तेव्हापासून कर्ज देणारा गावाची ऐपत पाहतो.

जर्मनीत उलटं घडलं. झारलँड आणि ब्रेमेन ही दोन राज्यं संकटात आहेत आणि त्यांना मदत मिळालीच पाहिजे, असं घटना न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवलं. पैसा गेला, वर्षं गेली, आणि दोन्ही राज्यं कर्जातून बाहेर आली नाहीत. २००६ मध्ये बर्लिन राज्याने तीच मागणी केली तेव्हा न्यायालयाने नकार दिला. पण आशेला तोवर पालवी फुटली होती, म्हणून २००९ मध्ये घटनेतच कर्जाला लगाम घालावा लागला. राज्यांना २०२० पासून रचनात्मक तुटीला, म्हणजे तेजी-मंदीचा तात्पुरता परिणाम वगळून उरणाऱ्या तुटीला, पूर्ण बंदी. ही बंदी जरा जास्तच कडक होती असं माझं मत. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून सगळ्या राज्यांना मिळून जीडीपीच्या ०.३५ टक्के तुटीची मुभा दिली गेली.

‘बुडू द्या’ म्हणणं सोपं आहे, पण एक गाव आणि एक मोठा प्रांत यांत फरक आहे. शाळा, दवाखाने, पोलीस प्रांताकडे असतील तर ते बंद पडताना कोणतंही केंद्र सरकार बघत बसू शकत नाही. म्हणून बहुतेक देश मधला रस्ता धरतात: कर्ज काढू द्या, पण आधी परवानगी घ्या. भारताच्या राज्यघटनेचं कलम २९३(३) याच जातीचं. ज्या राज्यावर केंद्राचं कर्ज शिल्लक आहे त्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, आणि प्रत्यक्षात सगळ्याच राज्यांची वार्षिक मर्यादा त्यातून ठरते. त्यामुळे राज्यांची दिवाळखोरी टळली, पण महामंडळांच्या नावाने काढलेली, अर्थसंकल्पात न दिसणारी कर्जं वाढली. २०२२ पासून केंद्र ती राज्याच्या मर्यादेत मोजू लागलं, केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये हा वाद घटनापीठाकडे सोपवला गेला.

कर्जाला पूर्ण बंदी घातली तरी ते थांबत नाही, फक्त पत्ता बदलतं. चीनने १९९४ मध्ये करवाटप बदलून एकूण महसुलातला केंद्राचा वाटा सुमारे २२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या पुढे नेला आणि स्थानिक सरकारांना रोखे काढायला मनाई केली. खर्चाची जबाबदारी मात्र बहुतांश स्थानिकांकडेच ठेवली. मग जमीन विकणं आणि वित्तपुरवठा कंपन्या काढून त्यांच्या नावाने कर्ज घेणं, हे दोन मार्ग उरले. २००८ मध्ये जाहीर झालेल्या ४ लाख कोटी युआनच्या प्रोत्साहन योजनेत केंद्राचा स्वतःचा पैसा साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी होता. उरलेलं स्थानिक सरकारांनी आणि बँकांनी उभं करायचं होतं. जमिनींचे भाव चढते होते तोवर निभावलं. जमीनविक्रीचं उत्पन्न २०२१ मध्ये ८.७ लाख कोटी युआनवर पोहोचून मग घसरत गेलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने स्थानिकांच्या छुप्या कर्जाची बदली करण्यासाठी एकूण १० लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. छुपं कर्ज २०२३ अखेर १४.३ लाख कोटी असल्याचं सरकारनेच सांगितलं. राजकीयदृष्ट्या एवढा केंद्रित देशही या जाळ्यातून सुटला नाही. पक्षाची शिस्त हिशेबाच्या शिस्तीची जागा घेऊ शकत नाही.

कर्जाइतकाच मंदीतला उलटा परिणामही महत्त्वाचा आहे. समतोल अर्थसंकल्पाची सक्ती असलेलं सरकार उत्पन्न घटलं की खर्च कापतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. २००९ मध्ये अमेरिकी केंद्राने ७८७ अब्ज डॉलरची योजना आणली, त्यात राज्यांना मोठी मदत होती. तरीही पुढची काही वर्षं राज्यं आणि शहरं लाखो नोकऱ्या कमी करत राहिली. केंद्र एका हाताने पाणी ओतत होतं आणि राज्यं दुसरीकडून नळ बंद करत होती. शिस्त आणि स्थैर्य इथे एकमेकांच्या विरोधात जातात, आणि चांगल्या दिवसांत साठवलेली राखीव गंगाजळी हाच त्यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय.

ती साठवणंही सोपं नाही. नायजेरियात तेलाचा पैसा घटनेनुसार केंद्र आणि राज्यांत वाटला जातो. २००४ मध्ये तिथे तेलाचा चढा भाव असताना जास्तीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सुरुवात झाली. राज्यांचं म्हणणं, हा पैसा आमचा आहे, वाटून टाका. आणि घटनेच्या शब्दांनुसार ते चूकही नव्हतं. खातं रिकामं होत गेलं. २०१४ नंतर तेल घसरलं तेव्हा कित्येक राज्यांना पगार देता येईनात आणि २०१५ मध्ये केंद्राला मदतीला यावं लागलं.

आतापर्यंतचं वाचून कोणाला वाटेल की सगळं राजधानीतच ठेवलेलं बरं. तसं नाही, आणि इंडोनेशिया त्याचा पुरावा आहे. १९९८ मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली, सुहार्तोंची राजवट कोसळली, पूर्व तिमोर वेगळा झाला, आचे प्रांतात बंड चालू होतं. अशा वेळी २००१ मध्ये जवळपास एका फटक्यात जिल्ह्यांकडे सत्ता आणि वीस लाखांहून जास्त सरकारी कर्मचारी सोपवले गेले. अनेक जाणकारांना हे वेडं साहस वाटलं. देश टिकला, आचेचा तिढाही २००५ मध्ये शांतता करार आणि विशेष स्वायत्तता देऊन सुटला. फुटण्याच्या भीतीखाली असलेल्या देशात गुंतवणूक येत नाही, चलन टिकत नाही. तिथे स्वायत्तता हाच स्थैर्याचा खर्च असतो. कर्जाचं संकट का आलं नाही? कारण जिल्ह्यांच्या कर्जावर कडक बंधनं होती. केंद्र आणि प्रदेश मिळून तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत ठेवायची, हा नियमही आला. दुष्परिणाम वेगळ्याच दिशेने निघाले: अनुदानासाठी जिल्हे फुटत सुमारे ३०० चे ५०० च्या वर गेले, आणि अनेकांचा पैसा खर्च न होता बँकेत पडून राहू लागला. दिवाळखोरीपेक्षा हे दुखणं परवडलं.

एखाद्या देशाचा हिशेब पाहताना मी जाहीर तूट शेवटी वाचतो. आधी पाहतो कंत्राटदारांची थकलेली बिलं, महामंडळांना दिलेल्या हम्या आणि पेन्शन. स्पेनमध्ये २०१२ साली प्रदेशांची आणि नगरपालिकांची थकलेली बिलं चुकती करायला केंद्राने योजना आणली तेव्हा सुमारे २७ अब्ज युरोची देणी बाहेर आली. त्याच वर्षी मे महिन्यात माद्रिद, व्हॅलेन्सिया आणि कास्टिल-लिऑन या प्रदेशांनी आपली २०११ ची तूट आधी सांगितल्यापेक्षा जास्त असल्याचं कळवलं, आणि देशाचा आकडा ८.५ वरून ८.९ टक्क्यांवर गेला. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, पण बाजाराने त्यातून एवढंच ऐकलं की देशाच्या केंद्र सरकारलाच आपले आकडे माहीत नाहीत.

सध्या पाहण्यासारखा देश आहे कोलंबिया. १९९१ च्या घटनेने तिथे प्रदेशांचा वाटा केंद्राच्या चालू महसुलाशी बांधला होता. तूट भरून काढायला केंद्राने कर वाढवला की त्यातला मोठा हिस्सा आपोआप खाली जायचा, म्हणून २००१ मध्ये ही सांगड सोडवली. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने पुन्हा घटनादुरुस्ती केली: बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने वाटा चालू महसुलाच्या ३९.५ टक्क्यांपर्यंत न्यायचा. त्याला अट अशी की कोणती कामं पैशाबरोबर खाली जाणार हे ठरवणारा वेगळा कायदा आधी झाला पाहिजे. कामं वर राहिली आणि पैसा खाली गेला, तर केंद्राची तूट तेवढ्याने फुगणार हे पेन्सिलीने मांडूनही कळतं. टक्केवारीची बातमी झाली. त्या दुसऱ्या कायद्यात शाळा, आरोग्य आणि पाणीपुरवठ्याचा नेमका कोणता खर्च कोणाच्या नावावर टाकला जातो, ते कलमवार वाचायला हवं.